पॉइंट्सवर ल्योंला, आईसोबत, जुन्या हॉस्पिटलात

मुक्कामामागे मिळणारे हॉटेलचे पॉइंट साठवत राहायचे आणि मग एअरपोर्टजवळच्या कुठल्यातरी हॉटेलात एका रात्रीसाठी उडवून टाकायचे, असं आमच्या ऑफिसात सर्रास चालतं आणि मला ते बघून खरंच वाईट वाटतं. तेच पॉइंट फ्रान्समधल्या ल्यों शहरात चालतात, ऱ्होन नदीच्या अगदी काठावर, इंटरकॉन्टिनेंटल ल्यों ओतेल-द्यूमध्ये, आणि ही इमारत म्हणजे शेकडो वर्षं चाललेलं हॉस्पिटल आहे. 2010 मध्ये हॉस्पिटल बंद झालं, 2019 मध्ये तिथे हॉटेल सुरू झालं. माझी आई रिटायर्ड नर्स, आख्खी नोकरी सरकारी हॉस्पिटलात, त्यामुळे हे वाचल्यावर मी दुसरं हॉटेल शोधलंच नाही.

आधी पॉइंट्सचं सांगते कारण सगळे तेच विचारतात. माझं काम फिरतीचं, चेन्नई अहमदाबाद गुरगाव, मुक्काम बहुतेक हॉलिडे इन नाहीतर क्राउन प्लाझा, बिल कंपनी भरते पण पॉइंट आपल्या खात्यात येतात आणि हे सगळे ब्रँड इंटरकॉन्टिनेंटलच्याच म्हणजे आयएचजीच्या घरातले. वर्षात 70 रात्री किंवा 1,20,000 पॉइंट झाले की डायमंड, म्हणजे त्यांच्या पॉइंट योजनेतले वरच्या दर्जाचे मेंबर होता, आणि डायमंडचा माझ्या मते खरा फायदा एकच, ब्रेकफास्ट फुकट. चेन्नईत त्याचं फार काही वाटत नाही, फ्रान्समधल्या पंचतारांकित हॉटेलात दोघींचा रोजचा ब्रेकफास्ट म्हणजे चांगली रक्कम वाचते. रूम अपग्रेड मात्र शिल्लक असेल तरच, त्यावर हिशोब बांधू नका. आणि बुकिंग त्यांच्या साइटवरून किंवा ॲपवरूनच करा, बाहेरच्या ट्रॅव्हल साइटवरून केलं तर पॉइंटही मिळत नाहीत आणि मेंबरशिपचे फायदेही सहसा नाही.

पॉइंट वापरायचे की पैसे भरायचे हे मी असं ठरवते. सेल असतो तेव्हा आयएचजीचा एक पॉइंट साधारण अर्ध्या सेंटला विकत मिळतो, म्हणजे एखाद्या रात्रीला 60,000 पॉइंट लागत असतील तर ते 300 डॉलर झाले. त्या रात्रीचा रोख रेट याच्यापेक्षा बराच जास्त असेल तर पॉइंट, नाहीतर कार्ड. रेट तारखेप्रमाणे बदलतात तेव्हा चार-पाच तारखा टाकून बघायच्या. शहराचा टुरिस्ट टॅक्स, माणशी आणि रात्रीमागे, तो पॉइंट्सवर राहिलात तरी वेगळा भरावा लागतो.

पॅरिसहून टीजीव्ही या वेगवान ट्रेनने दोन तासांत ल्यों. हॉटेल बेलकूर चौकापासून चालत जाण्यासारखं. नदीकडून बघितलं तर दर्शनी भिंत संपतच नाही, जवळपास पावणेचारशे मीटर, आणि मधोमध तो घुमट. अठराव्या शतकात सुफ्लो या आर्किटेक्टने बांधायला घेतलेली ही इमारत, ज्याने पुढे पॅरिसची पॅन्थिऑन ही प्रसिद्ध घुमटाची इमारत केली तोच हा. 1944 मध्ये शहर जर्मनांच्या ताब्यातून मुक्त होताना लढाईत घुमट जळला, तो नंतर पुन्हा उभा केला. आणि त्याच्याही कितीतरी आधी, 1532 मध्ये, राबले नावाचा मोठा फ्रेंच लेखक याच हॉस्पिटलात, तेव्हाच्या जुन्या इमारतीत, डॉक्टर म्हणून लागला होता.

आता त्या घुमटाखाली हॉटेलचा बार आहे. आम्ही संध्याकाळी तिथे बसलो, मी वाईन, आईने चहा मागवला आणि ती मान वर करून बघतच राहिली. मग म्हणाली, "अगं, हे शोभेसाठी नाहीये, हवा वर जायला केलंय." मी वाचून गेले होते म्हणून मला माहीत होतं, तिला कोणी सांगितलं नव्हतं. त्या काळी रोग कोंदट हवेतून पसरतो असं मानत, तेव्हा वॉर्डातली गरम घाण हवा वर चढून बाहेर पडावी म्हणून एवढी उंची ठेवली. आई टीबी वॉर्डात होती तेव्हा डिसेंबरच्या थंडीतही खिडक्या बंद करू द्यायची नाही, पेशंट ओरडायचे, नातेवाईक भांडायचे, ही त्यांना एकेक ब्लँकेट जास्त द्यायची पण खिडकी उघडीच. हे तिने मला इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं, तिथे बसून सांगितलं, आणि मग खूप वेळ वॉर्डाबद्दलच बोलत राहिली, नाइट ड्यूटी, सलाइनच्या काचेच्या बाटल्या, तिच्या मेट्रन बाई. ब्रेकफास्ट, अपग्रेड सगळं बाजूला, माझे पॉइंट तिथे वसूल झाले.

तिला एकच गोष्ट खटकत होती, हॉस्पिटल बंद करून हॉटेल कशाला. मी सांगितलं की इमारत विकलेली नाही, मालकी अजून ल्योंच्या सरकारी रुग्णालय संस्थेकडेच आहे, दीर्घ मुदतीच्या कराराने दिलीय. "मग ठीक आहे" म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी अंगणं, जिने, कमानी सगळं निवांत बघितलं.

खायला बाहेरच जा. गुलाबी प्रालीनचा, म्हणजे साखरेत घोळलेल्या बदामांचा टार्ट कुठल्याही चांगल्या बेकरीत मिळतो, आईला तो फारच गोड वाटला, मी तिचाही खाल्ला.

मार्सेयलाही असंच आहे, जुनं ओतेल-द्यू हॉस्पिटल, 2013 पासून इंटरकॉन्टिनेंटल, खाली जुनं बंदर. आईने आत्ताच विचारून ठेवलंय की तिथले वॉर्ड कुठल्या बाजूला होते, तेव्हा पुढचे पॉइंट तिकडेच जाणार.