कायोटी हिल्सवरचे मोहरीचे आईबाप

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमॉन्टला राहायला आल्यानंतरच्या पहिल्या वसंतात तिथल्या कायोटी हिल्स उद्यानाच्या टेकड्या पिवळ्याधमक झालेल्या पाहून मी घरी "मोहरी फुलली आहे" असे सांगितले आणि तेवढ्यावर माझे समाधान झाले. फेब्रुवारीत रस्त्याकडेला फुलणारी, एप्रिल-मेमध्ये माणसाच्या डोक्यावरून वर जाणारी आणि ऑगस्टच्या कोरड्या उन्हातही फुले धरणारी मोहरी एकच असणे शक्य नाही, हे ध्यानात यायला दुसरे वर्ष उजाडावे लागले. फुलावरून काही उलगडत नाही, कारण चार पाकळ्या आणि चार लांब, दोन आखूड असे सहा पुंकेसर हा मोहरीच्या साऱ्या कुळाचाच साचा आहे. ओळख पटते ती शेंगेवरून आणि पानाच्या बुडावरून. उद्यानात झाडे तोडायला मनाई असल्यामुळे हा अभ्यास मी पायवाटेवर उकिडवी बसून, हातात भिंग घेऊन केला. येणारेजाणारे काही हरवले आहे का म्हणून विचारत.

फेब्रुवारीतली ती ब्रॅसिका रापा, म्हणजे सलगमाच्याच जातीची रानात गेलेली शाखा. तिच्या वरच्या पानांना देठ नसतो. त्यांचे बूड खोडाला दोन्ही बाजूंनी कवटाळते, आणि लांब शेंगा बाहेरच्या बाजूला पसरतात. उंच वाढणारी काळी मोहरी, ब्रॅसिका नायग्रा, हिची पाने देठाची असतात आणि आखूड शेंगा खोडाला इतक्या चिकटून उभ्या राहतात की वाळलेली फांदी पीळ दिलेल्या सुंभासारखी दिसते. उन्हाळ्यात फुलणाऱ्या हिर्शफेल्डिया या मोहरीसारख्याच तिसऱ्या झाडाच्या शेंगाही तशाच चिकटलेल्या असल्यामुळे या दोघींनी मला बराच काळ फसवले. शेवटी भिंगातून शेंगेचे टोक पाहिले तेव्हा उलगडा झाला: काळ्या मोहरीची चोच बारीक आणि रिकामी असते, तर हिर्शफेल्डियाची फुगीर असून तिच्यात बहुधा एखादे बी असते. पांढऱ्या, गुलाबी, पिवळट अशा नाना रंगांत फुलणारा रानमुळा ओळखायला मात्र मराठी माणसाला भिंग लागत नाही. त्याची शेंग म्हणजे सरळ आपली डिंगरीच. ती वाळल्यावर उकलत नाही, तिचे तुकडे पडतात.

आपल्या फोडणीत तडतडते ती मोहरी बहुतेक ब्रॅसिका जुन्सिया असते, आणि ती रापा व नायग्रा यांच्या संकरातून निर्माण झाली आहे. जपानमध्ये काम करणारे कोरियन वंशाचे शास्त्रज्ञ वू जांग-चुन यांनी 1935 साली गुणसूत्रांचा हा हिशेब मांडला: एकीची 10, दुसरीची 8, आणि दोन्ही मिळून जुन्सियाच्या बीजपेशीत 18. हे वाचल्यावर मी मिसळणाच्या डब्यातली चिमूटभर मोहरी कुंडीत पेरली. पाने आली ती नायग्रासारखी देठाची, शेंगा धरल्या त्या रापासारख्या पसरलेल्या.

हे आईबाप येथले मूळ रहिवासी नव्हेत. 1769 ते 1823 या काळात स्पॅनिश पाद्र्यांनी कॅलिफोर्नियात 21 मिशने, म्हणजे धर्मप्रसाराची ठाणी, उभारली, त्यांपैकी 1797 चे सॅन होजे मिशन आमच्या फ्रीमॉन्टमध्येच आहे. वाट सापडावी म्हणून पाद्री मोहरी फेकत चालले, अशी कथा येथे आवडीने सांगतात. मला ती पटत नाही. धान्याच्या आणि चाऱ्याच्या पसाऱ्यातून असले बी कोणी न फेकताही येते. एकदा आल्यावर ते मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहते, दाट वाढून इतर रोपांचे ऊन अडवते, आणि उन्हाळ्यात उभी वाळलेली खोडे वणव्याला आयते सरपण पुरवतात.

याच कुळातल्या मूळच्या वनस्पतींना त्यामुळे कोपऱ्यात राहावे लागते. सॅन होजे शहराच्या दक्षिणेला, मॅग्नेशियम व निकेल जास्त आणि कॅल्शियम कमी असलेल्या सर्पेंटाइन खडकाच्या हलक्या जमिनीत मेटकाफ कॅन्यन ज्वेलफ्लॉवर उगवते. 1995 साली अमेरिकेच्या केंद्र सरकारने ती संकटग्रस्त ठरवली. तिच्या जवळच्या नात्यातली जांभळी ज्वेलफ्लॉवर मी गेल्या मे महिन्यात पहिल्यांदा पाहिली. कळशीसारखे फुगीर आणि नखाएवढे फूल होते ते, आणि मुरडलेल्या चारही पाकळ्या मोजायला भिंगच काढावे लागले.