चार पट्टे

आज मॉरिशसच्या राजधानीत, पोर्ट लुईसच्या शाँ द मार्स मैदानाशी बराच वेळ थांबले. आहे घोड्यांच्या शर्यतीचं मैदान, पण १२ मार्च १९६८ ला भर दुपारी युनियन जॅक उतरवून मॉरिशसचा झेंडा पहिल्यांदा चढला तो इथेच. तारीख गांधीजींच्या दांडीयात्रेच्या आठवणीने निवडलेली. हे वाचलं होतं, पण तिथे उभं राहिल्यावर अंगावर काटा आला.

झेंडा किती साधा! चार आडवे, सारखे पट्टे. लाल स्वातंत्र्यलढ्याचा, निळा हिंदी महासागराचा, पिवळा स्वातंत्र्याच्या नव्या प्रकाशाचा, हिरवा शेतीचा, बाराही महिने टिकणाऱ्या हिरवाईचा. ना चांदणी, ना ढाल, ना कुठल्या एका धर्माची खूण. हिंदू, मुस्लिम, क्रिओल (आफ्रिकी वा मिश्र वंशाचे), चिनी अशा सगळ्यांच्या देशासाठी मला हे फार शहाणपणाचं वाटतं.

मी सारखी हिरव्याकडेच बघत होते. सगळ्यात खालचा, जमिनीला जवळचा. उसाच्या मळ्यांत राबायला आलेल्या गिरमिटियांमध्ये, म्हणजे करारावरच्या मजुरांमध्ये, आपली मराठी माणसंही होती. इथे गणेश चतुर्थीला आजही सार्वजनिक सुट्टी असते.

परतताना बसच्या खिडकीतून दूरवर ऊसच ऊस दिसत होता. डोळे भरून आले.