जुना चाकू, नवा चाकू आणि मधले फिरते कडे

ओपिनेल या घडीच्या चाकूच्या मुठीला जुलै महिना मानवत नाही. फ्रान्समधल्या सावोआ प्रांताच्या डोंगराळ हवेत घडलेली ही बीच लाकडाची मूठ माळव्यातला पाऊस लागला की फुगते, तिची खाच आवळते आणि पाते आत असे घट्ट बसते की ओढताना नखच मागे वळावे. गेल्या पावसाळ्यात माझ्याकडचे दोन्ही चाकू, एक अडतीस वर्षांचा आणि दुसरा जेमतेम वर्षभराचा, एकाच आठवड्यात असे रुसून बसले. एरवी दोघांना शेजारी ठेवून मी त्यांच्यातले फरक मोजत बसतो, त्या दिवशी मात्र त्यांच्यातले साम्य पाहून हसू आले. नवी आवृत्ती खरोखरच सुधारलेली आहे का, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात आहे आणि त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही, म्हणून हे लेखन.

जुना चाकू माझ्या धाकट्या काकांनी आणलेला. ते १९८७ साली सहा महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी फ्रान्सला गेले होते आणि परतताना सर्वांसाठी साबण, अत्तर, चॉकलेट असे काहीबाही घेऊन आले. मला मात्र त्यांनी इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घराच्या मागच्या ओसरीवर बोलावून, आजीची पाठ वळलेली पाहून, खिशातून हा चाकू काढून दिला. "हे कडे फिरवल्याशिवाय काही कापायचं नाही, एवढं लक्षात ठेव," एवढीच त्यांची सूचना होती. संध्याकाळपर्यंत आजीला कळलेच. "अरे, पोराच्या हातात कुणी चाकू देतं का?" असे तिने काकांना दोनदा विचारले आणि तिसऱ्यांदा विचारण्याऐवजी तोच चाकू मागून घेऊन कैऱ्या चिरायला बसली. तिची विळी त्या दिवशी कोपऱ्यात पडून राहिली, हे मला अजून आठवते.

काकांनी ज्या कड्याबद्दल बजावले, ते या चाकूच्या इतिहासातले सर्वांत मोठे पाऊल आहे. अवजारे घडवणाऱ्या एका लोहाराचा मुलगा जोसेफ ओपिनेल याने १८९० साली हा चाकू बनवला, तेव्हा त्यात लाकडाची मूठ, पोलादी पाते, मुठीच्या तोंडाशी एक धातूची पट्टी आणि आरपार गेलेला एक रिव्हेट एवढेच होते. १८९७ पर्यंत त्याने एक ते बारा अशा क्रमांकांचे लहानमोठे चाकू केले. माझे दोन्ही क्रमांक आठचे आहेत, म्हणजे साडेआठ सेंटिमीटर पात्याचे. पात्यावर दिसणारा मुकुट घातलेला आशीर्वादाचा हात १९०९ सालापासून त्यांचे बोधचिन्ह आहे. या सगळ्या काळात उघडलेले पाते जागच्या जागी धरून ठेवायला लाकडाच्या पकडीखेरीज काहीच नव्हते. कठीण काही कापताना पाते मिटून बोटांवर आले तर त्याला अडवणारे कोणी नव्हते. १९५५ साली मार्सेल ओपिनेल याने मुठीच्या तोंडाशी फिरणारे एक स्टेनलेस स्टीलचे कडे बसवले. त्याचा एक भाग पक्का आणि दुसरा फिरता असतो. पाते उघडून फिरता भाग जरासा वळवला की त्याची फट पात्याच्या वाटेतून बाजूला सरकते आणि पाते मिटूच शकत नाही. याला विरोब्लॉक असे नाव आहे. लहान क्रमांकांच्या चाकूंना ते नसते, सहा क्रमांकापासून पुढे असते.

या सुधारणेविषयी मला कधीही शंका आली नाही आणि तिचे कारण माझ्या उजव्या तर्जनीवर आहे. शाळेत असताना मी जत्रेतून एक साधा घडीचा चाकू घेतला होता, ज्याला कडे नव्हते, खटका नव्हता, काहीच नव्हते. ओला बांबू तासताना त्याचे पाते मिटले. जखमेला तीन टाके पडले. विरोब्लॉक नुसते पाहूनही त्या बोटाला बरे वाटत असावे. शिवाय या कड्यासाठी मोजावी लागलेली किंमत अगदी थोडी आहे. कडे फिरवायला दुसरा हात लागतो खरा, पण हा चाकू उघडायलाच मुळात दोन हात लागतात, त्यामुळे हातचे काही गेले असे होत नाही.

आता नव्या चाकूकडे येतो. तो माझ्या पुतण्याने आणला, जो नोकरीनिमित्त फ्रान्समध्ये असतो. (विमानात चाकू हातातल्या सामानात चालत नाही, त्यामुळे तो मोठ्या बॅगेत कपड्यांच्या घडीत लपेटून आला.) चाकू हातात देताना त्याने मिटलेल्या अवस्थेतच कडे फिरवले आणि म्हणाला, "काका, आता उघडून दाखवा." नख मोडेपर्यंत मी ओढत राहिलो. २००० सालापासून हे कडे उघड्या पात्याला जसे अडवते, तसेच मिटलेल्या पात्यालाही अडवते, हे मला ठाऊकच नव्हते. तेव्हा मी थोडा अनुदार झालो. मिटलेला चाकू काय करणार आहे, त्याला कुलूप कशाला, असे मी त्याला म्हणालो आणि त्यानेही माझे वय लक्षात घेऊन वाद घातला नाही.

त्यानंतर दोनच महिन्यांनी, एका रविवारी, आम्ही चारपाच जण महूजवळच्या जानापावच्या टेकडीवर गेलो. हिवाळ्यात चाकूचे लाकूड उलट वागते. ते सुकते, खाच सैल होते, आणि जुलैत न उघडणारे पाते डिसेंबरात नुसत्या हेलकाव्याने बाहेर येते. जुना चाकू माझ्या झोळीच्या बाहेरच्या कप्प्यात होता. वर पोहोचल्यावर जाम कापायला म्हणून मी न पाहता हात घातला आणि बाहेर काढला तो रक्त लागलेला. (इंदूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडे पेरूला जाम म्हणतात.) पाते कप्प्यात अर्धे उघडले होते. जखम खोल नव्हती, पण माझे मत बदलायला पुरेशी होती. ज्या सुधारणेला मी अनावश्यक ठरवले होते, तीच गेल्या पन्नास वर्षांतली या चाकूची सर्वांत शहाणी सुधारणा आहे, असे मला आता वाटते. बाहेरून पाहिले तर काहीच बदललेले दिसत नाही. वजनही वाढल्याचे जाणवत नाही. तेच कडे थोडे अधिक काम करू लागले, एवढेच.

पात्याची गोष्ट इतकी सरळ नाही. जुने पाते कार्बन स्टीलचे आहे, ज्यात सुमारे ०.९ टक्के कार्बन असतो आणि क्रोमियम जवळजवळ नसते. नवे पाते स्टेनलेस पोलादाचे आहे. त्यात कार्बन कमी, पण क्रोमियम तेरा टक्क्यांच्या वर असते आणि त्या क्रोमियमचा हवेशी संयोग होऊन पृष्ठभागावर जो अतिशय पातळ थर तयार होतो, तो गंज आत शिरू देत नाही. कागदावर पाहिले तर यात तुलना करण्यासारखे काही उरत नाही. एकाला गंज लागतो, दुसऱ्याला लागत नाही, मग नवे चांगले, असे कोणीही म्हणेल.

प्रत्यक्षात मात्र कोण काय कापते यावर सगळे अवलंबून आहे. आमच्या घरी चैत्रात कैरीची डाळ आणि पुढे लोणचे होते. कार्बनच्या पात्याने कैरी चिरली की पाचव्या फोडीपर्यंत पात्यावर निळसर काळे डाग उमटतात आणि फोडींच्या कडाही करड्या होतात. चवीत लोखंड उतरते, असे माझी पत्नी म्हणते आणि ती खरे बोलते. आजीने १९८७ साली चिरलेल्या कैऱ्यांनाही तो वास आला असेलच, पण चाकूची धारच इतकी सुरेख होती की तिने त्याची तक्रार केली नाही. नवे पाते घरात आल्यापासून कैरी, लिंबू, टोमॅटो ही सगळी कामे त्याच्याकडे गेली आहेत. हिवाळ्यात गराडू हा आमच्याकडचा कंद सोलायचा तर त्याचा बुळबुळीत चीक धुऊन पाते तसेच ओले ठेवले तरी त्याला काही होत नाही. स्वयंपाकघरापुरती ही सुधारणा मी निमूटपणे मान्य करतो.

पण धार लावायला बसलो की पारडे फिरते. आमच्या गल्लीत अजूनही महिन्यातून एकदा सायकलवर चाक बांधलेला धारवाला येतो. त्याच्या चाकावर हे नाजूक पाते मी देत नाही, घरच्याच निसण्यावर पाजवतो, पण एकदा त्याला दोन्ही चाकू सहज दाखवले. त्याने दोघांवर अंगठा आडवा फिरवून पाहिला आणि जुना उचलून म्हणाला, "भिया, ये लोहा है, ये बात सुनता है." याहून नेमके मला सांगता आले नसते. कार्बनचे पाते निसण्यावर आठदहा हात मारले की धरते. दगडाखाली त्याचा आवाज बदलतो आणि धार आली हे कानाला आधी कळते. स्टेनलेसची धार टिकते चांगली, बहुधा जुन्यापेक्षा थोडी जास्तच, पण एकदा गेली की परत आणायला दुप्पट वेळ लागतो आणि धारेवर येणारी बारीक कोर चिवटपणे लोंबकळत राहते. ज्याला चाकू वापरायचा आहे पण पाजवायचा नाही, त्याच्यासाठी नवे पाते चांगले. मला रविवारी सकाळी चहा निवेपर्यंत निसण्यासमोर बसायला आवडते, त्यामुळे माझ्यासाठी ती सुधारणा नव्हे.

काळ्या डागांविषयीही एक गोष्ट सांगायला हवी. अनेक वर्षांत जाम, सफरचंद, कांदे, कैऱ्या कापून जुन्या पात्यावर जो करडा निळा थर चढला आहे, तो घाण नाही. तो पात्याला तांबड्या गंजापासून बऱ्याच अंशी वाचवतो. पुतण्याने लहानपणी एकदा मला खूश करण्यासाठी भांडी घासायच्या तारेने तो सगळा घासून काढला होता. मी त्याला काही बोललो नाही, पण पुढच्याच पावसाळ्यात पात्याच्या टाचेशी जो गंज लागला, त्याचा खड्डा अजून आहे.

मुठीविषयी थोडक्यात. नवी मूठ जास्त गुळगुळीत आणि जास्त चकचकीत आहे, वरचा वार्निशचा थर माझ्या हाताला तरी जाड लागतो, आणि घाम आला की ती निसटते. जुन्या मुठीचे वार्निश केव्हाच गेले आणि त्यानंतर मी तिला वर्षातून दोनदा जवसाचे तेल पाजत आलो. तरी जुलैत दोन्ही फुगतात, हे वर सांगितलेच. त्यावरचा उपाय खुद्द सावोआच्या लोकांचा आहे आणि तो पुतण्याकडून कळला. चाकू मिटलेला असताना, कडे मोकळे ठेवून, मुठीचे मागचे टोक टेबलाच्या कडेवर ठोकायचे, की पाते आपल्याच वजनाने थोडे बाहेर डोकावते आणि मग नखाला धरता येते. याला तिकडे सावोआकरांचा ठोकाच म्हणतात. ज्यांनी चाकू बनवला त्यांनाही मूठ फुगण्याचा त्रास होता आणि त्यांनी मूठ बदलण्याऐवजी ठोका शोधला, याचे मला फार बरे वाटले.

मूठ बदललेलीही मिळते. प्लास्टिकसारख्या पॉलिमरची मूठ, अर्ध्या पात्याला करवतीसारखे दाते आणि मुठीत शिट्टी, असा एक क्रमांक आठ पुतण्याने मला फोनवर दाखवला होता. ती मूठ फुगत नाही, हे उघडच आहे. डोंगरात हरवणाऱ्याला शिट्टीचा उपयोग होत असेल, पण मी जानापावला हरवलो तर दहा मिनिटांत कोणीतरी ओळखीचे भेटते. आणि दातेरी पाते निसण्यावर कसे पाजवायचे, हे ज्याने ते काढले त्याने मला येऊन दाखवावे. तो चाकू सुधारला असे मी म्हणणार नाही. तो वेगळ्या माणसासाठी केलेला वेगळा चाकू आहे.

या सगळ्या हिशेबात माझी एक ढोबळ चूक होती आणि ती या दिवाळीपर्यंत माझ्या लक्षात आली नाही. जुना म्हणजे कार्बन आणि एकेरी कडे, नवा म्हणजे स्टेनलेस आणि दुहेरी कडे, अशी मी मनात सरळ विभागणी करून टाकली होती, कारण माझ्या हाती आलेले दोन चाकू तसे होते. पुतण्या सुटीवर येणार म्हणून त्याला सहज म्हणालो की जुने पाते आणि नवे कडे एकत्र मिळाले असते तर मी तक्रारच केली नसती. तो क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, "काका, ते तर दुकानात शेजारीच ठेवलेलं असतं. मी तुम्हाला स्टेनलेस आणला, कारण काकूंनी सांगितलं होतं." कार्बनचे पाते बनवणे त्यांनी कधी थांबवलेच नव्हते. कडे सगळ्यांचेच सुधारले आणि पाते मात्र ज्याचे त्याच्या आवडीवर सोडले. माझ्या प्रश्नातला निम्मा भाग कारखान्याने नव्हे, माझ्याच घरातल्या फोनवरच्या एका संभाषणाने निर्माण केला होता.

सुटीवर येताना पुतण्याने तसाच, कार्बनचे पाते आणि दुहेरी कडे असलेला, तिसरा चाकू आणला आणि तो आता तीन आठवड्यांचा झाला आहे. स्टेनलेसचा स्वयंपाकघरात, जुना निवृत्त होऊन काकांच्या फोटोखालच्या खणात, रबरबँड लावून. या तिसऱ्याचे पाते अजून इतके लखलखीत होते की त्यात माझा चष्मा दिसत असे आणि ते मला खिशात बाळगायला ओशाळवाणे वाटत होते. काल संध्याकाळी बाजारातून आणलेला एक कच्चा, तुरट जाम मुद्दाम चिरला आणि पाते न पुसता तासभर ताटलीत तसेच राहू दिले. सकाळी पाहिले तर टोकापासून बोटभर अंतरावर पहिला निळसर डाग उमटला होता.