स्नेलला काढलं ते ठीक, पण आणलं कोणाला?

ऑक्टोबर लागला की माझी वही बाहेर निघते. बेसबॉलचे प्लेऑफ, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेऱ्या, बघताना मी धावा लिहीत नाही, त्या स्क्रीनवर दिसतातच. मी पिचरांचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांचा, हिशेब ठेवते. आज कोणी किती चेंडू टाकले, काल किती टाकले होते, उद्या कोणाला उठवता येईल. नवरा म्हणतो, "मॅच बघतेस की उधारीची वही लिहितेस?" उधारीचीच म्हणायची. आज सहाव्या इनिंगला (सामन्याच्या नऊ इनिंग, बरोबरी झाली तर पुढे आणखी) वापरलेला हात परवा नेमका हवा असतो तेव्हा मिळत नाही.

नेहमीच्या सीझनमध्ये 162 सामने असतात. सामना सुरू करणारे पाच पिचर, म्हणजे स्टार्टर, आळीपाळीने येतात (याला रोटेशन म्हणतात), मधे साधारण चार दिवसांची विश्रांती. वर्ल्ड सिरीज, म्हणजे अंतिम लढत (आधी चार सामने जिंकेल तो विजेता), मात्र सातव्या सामन्यापर्यंत गेली तर नऊ दिवस चालते, दुसऱ्या आणि पाचव्या सामन्यानंतर सुट्टी. आता मांडून बघा. पहिल्या सामन्याचा पिचर चार दिवस विश्रांती घेऊन पाचवा सामना टाकू शकतो, दुसऱ्याचा सहावा, तिसऱ्याचा सातवा. चौथ्या पिचरच्या वाट्याला एकच सामना येतो आणि पाचवा सरळ बुलपेनमध्ये, म्हणजे मध्येच आणायच्या राखीव पिचरांत, जाऊन बसतो. मॅनेजर टेकीला आला तर पहिल्या पिचरला तीनच दिवसांवर चौथ्या सामन्यात उतरवतो, आणि पुन्हा तीन दिवसांवर सातव्यात. कागदावर हे झकास दिसतं.

क्रिकेटवर पोसलेल्या माणसाला इथली एक गोष्ट पचायला वेळ लागतो. बुमराला दोन ओव्हर देऊन बाकीच्या शेवटासाठी राखून ठेवता येतात. बेसबॉलमध्ये पिचरला सामन्यातून काढलं की संपलं, तो परत येत नाही. शिवाय 2020 पासून नियम आहे की नव्या पिचरने किमान तीन बॅटरना तरी टाकायचं, नाहीतर इनिंग संपवायची. म्हणजे चुकीचा माणूस आणलात तर लगेच बदलायचीही सोय नाही.

म्हणून 2020 च्या वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना निघाला की मी वाद घालायला बसतेच. टॅम्पा बे रेज 1-0 ने पुढे. डावखुरा ब्लेक स्नेल डॉजर्सच्या बॅटरना अक्षरशः नाचवत होता. 73 चेंडू, 9 स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बॅटर बाद), एकही वॉक (चार वाईट चेंडूंवर बॅटरला फुकट बेस) नाही. सहाव्या इनिंगमध्ये एक बाद असताना ऑस्टिन बार्न्सने सिंगल काढली, म्हणजे फटका मारून पहिला बेस गाठला, स्नेलने दिलेला तो दुसराच हिट, आणि रेजचा मॅनेजर केविन कॅश पिचर बदलायला डगआउटमधून बाहेर आला. स्नेलचा चेहरा तेव्हाच पडला.

कॅशचं गणित अगदीच हवेतलं नव्हतं. बॅटरना एकच पिचर तिसऱ्यांदा समोर आला की ते त्याला जास्त ओळखतात, हे आकड्यांनी सिद्ध झालेलं आहे आणि रेजचा अख्खा संघच त्या विचारावर उभा होता. पण पुढे येणारे तिघे कोण? बेट्स, सीगर, टर्नर. त्या रात्री तिघेही स्नेलसमोर दोन-दोनदा स्ट्राइकआउट झालेले. त्यात बेट्स त्या सीझनला डावखुऱ्या पिचरांसमोर चाचपडत होता.

तरी मी म्हणते, काढलं ते एक वेळ ठीक. आणलं कोणाला? बुलपेनमधल्या निक अँडरसनला! सीझनभर तो भन्नाट होता, पण त्या ऑक्टोबरमध्ये आधीच्या सलग सहा सामन्यांत त्याने धाव दिली होती. कोविडमुळे वर्ल्ड सिरीजच्या आधीच्या दोन फेऱ्यांमध्ये सुट्टीचे दिवसच नव्हते, बुलपेन पिळून निघालं होतं. कॅशच्या डोक्यात सीझनभराचा अँडरसन होता, माउंडवर (पिचरच्या उंचवट्यावर) आला तो ऑक्टोबरचा. बेट्सचा डबल (दोन बेसचा फटका), एक वाइल्ड पिच (कॅचरलाही न सापडलेला भरकटता चेंडू), मग सीगरचा जमिनीलगतचा फटका, आणि डॉजर्स 2-1 ने पुढे. सामना 3-1, सिरीज खलास.

याच्या अगदी उलट 2003. वर्ल्ड सिरीजच्या आधीची फेरी, बोस्टन विरुद्ध यांकीज, सातवा सामना, बोस्टन 5-2 ने पुढे. आठव्या इनिंगला पेड्रो मार्टिनेझ दमलेला दिसत होता. एक धाव गेली, मॅनेजर ग्रेडी लिटल माउंडवर गेला, बोलला आणि त्याला तिथेच ठेवून परत आला. मात्सुईचा डबल, पोसाडाचा डबल, 5-5. अकराव्या इनिंगला आरोन बूनच्या होम रनने यांकीज जिंकले. गंमत म्हणजे बोस्टनकडे बुलपेनमध्ये टिमलिन आणि एम्ब्री होते आणि दोघेही त्या महिन्यात उत्तम टाकत होते. लिटलला पुढच्या सीझनसाठी ठेवलं नाही. लोक पेड्रोच्या 123 चेंडूंबद्दल बोलतात, मला ते दोघे आठवतात.

माझं म्हणणं एवढंच आहे की "काढावं की ठेवावं" ही चर्चा करताना आपण एकाच माणसाकडे बघत बसतो. तुलना नेहमी दोघांची असते, हा दमलेला आणि तो मागे उभा असलेला. 2014 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये जायंट्सचा मॅनेजर ब्रूस बोची याला हे पक्कं ठाऊक होतं. मॅडिसन बमगार्नरने पाचव्या सामन्यात 117 चेंडू टाकून शटआउट दिला होता, म्हणजे अख्खा सामना एकट्याने टाकून एकही धाव दिली नव्हती. दोनच दिवसांच्या विश्रांतीवर बोचीने त्याला सातव्या सामन्याच्या पाचव्या इनिंगला आणलं. त्याने आणखी 68 चेंडू टाकले, पाच इनिंग, शून्य धावा. जायंट्स 3-2 ने जिंकले.

आणि 2025 ची वर्ल्ड सिरीज! डॉजर्सचा मॅनेजर डेव्ह रॉबर्ट्स याला आपल्या बुलपेनचा भरवसाच नव्हता, त्याने रोटेशनचंच बुलपेन करून टाकलं. टोरोंटोमधल्या सहाव्या सामन्यात यामामोटोने 96 चेंडू टाकले. नवव्या इनिंगला दोन रनर बेसवर असताना स्टार्टर ग्लासनाउ आला आणि तीन चेंडूंत सामना मिटवला. दुसऱ्या दिवशी सातव्यात ओहतानी तीन दिवसांच्या विश्रांतीवर सुरुवातीला, पुढे पुन्हा ग्लासनाउ, मग स्नेल (हो, तोच, आता डॉजर्सकडून). नवव्या इनिंगला एक बाद, दोन रनर, सामना बरोबरीत. स्नेलला काढलं आणि आणलं आदल्या रात्रीच्या यामामोटोला.

पहिल्याच बॅटरच्या, कर्कच्या, अंगाला त्याचा चेंडू लागला, म्हणून कर्कला फुकट बेस. बेस भरले. मी वहीत त्याच्या नावापुढे 96 च्या बाजूला अधिकचं चिन्ह करून ठेवलं होतं, पुढे आकडा लिहायचा धीर होईना. तिथून तो सुटला आणि अकराव्या इनिंगपर्यंत टाकत राहिला. 34 चेंडू, डॉजर्स 5-4.

नवऱ्याचं मत, हा निव्वळ जुगार होता. मला तसं वाटत नाही. रॉबर्ट्सकडे मागे ताजा आणि खात्रीचा माणूस उरलाच नव्हता, मग दमलेल्यांतला सर्वांत चांगला आणला. अँडरसनच्या वेळी कॅशकडे मात्र माउंडवर उभा असलेला स्नेल होता.