६४ किलोबाइटने खाल्लेले १९ दिवस

क्लस्टरवर (एकत्र जोडलेल्या संगणकांच्या संचावर) खातं मिळालं, ओपनफोम हे प्रवाहाच्या सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर बांधून झालं, पहिली जॉब रांगेतून सुटली. या सगळ्याला चार दिवस लागले, त्यात सांगण्यासारखं काही नाही. गाडी अडली ती एका नोडवरून (म्हणजे क्लस्टरमधल्या एका संगणकावरून) दोन नोडवर जाताना.

काम पंपातल्या प्रवाहाच्या सिम्युलेशनचं. एका नोडवर एक इटरेशन २ सेकंदांत व्हायचं. दोन नोड घेतले, कोअर दुप्पट झाले आणि वेळ गेला ५ सेकंदांवर! हेल्पडेस्कला तिकीट टाकलं. उत्तर आलं, "तुमचा कोड स्केल होत नाही, मेश मोठी करून पाहा." आणि तिकीट बंद. मुकाट्याने मेश (प्रवाहाचे तुकडे पाडून गणित होतं ती जाळी) मोठी केली. रडगाणं तेच.

मग कोड बाजूला ठेवला आणि ओएसयूच्या, नेटवर्कचा वेग मोजणाऱ्या छोट्या चाचण्या दोन नोडवर चालवल्या. (हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. तुम्ही तरी करा.) इन्फिनिबँडवर (नोड जोडणाऱ्या वेगवान नेटवर्कवर) छोटा निरोप एक-दोन मायक्रोसेकंदांत पोचतो, मला दिसले ४३. कार्ड १०० गिगाबिटचं, म्हणजे सेकंदाला १२ गिगाबाइटच्या आसपास मिळायला हवेत; मिळत होते १.१. हा सरळसरळ १० गिगाबिट इथरनेटचा आकडा. म्हणजे महागडं नेटवर्क आरामात पडून होतं आणि माझा डेटा बैलगाडीने जात होता. आणि कुठे एका ओळीचा एरर नाही! ओपन एमपीआयला (नोडमधली देवाणघेवाण करणाऱ्या लायब्ररीला) इन्फिनिबँड जमलं नाही, की अनेकदा ते गुपचूप टीसीपीवर, म्हणजे साध्या नेटवर्कच्या वाटेवर उतरतं.

दुसरं तिकीट, आकड्यांसकट. उत्तर: "नोडवर लॉगिन करून तपासलं. लिंक अॅक्टिव्ह आहे, लिमिट अनलिमिटेड आहे." तिकीट पुन्हा बंद. आठवडा तसाच गेला. चिडून मी जॉब स्क्रिप्टमध्येच किती मेमरी लॉक करता येते ते दाखवणारी यूलिमिटची ओळ घातली. आउटपुट फाइलमध्ये एवढंच आलं: ६४. लॉगिन केल्यावर अनलिमिटेड, जॉबमध्ये ६४ किलोबाइट!

कारण कळलं तेव्हा हसावं की रडावं कळेना. इन्फिनिबँड वापरतं त्या आरडीएमए पद्धतीत नेटवर्क कार्ड प्रोसेसरला न विचारता थेट मेमरीतून डेटा उचलतं. मधेच ऑपरेटिंग सिस्टिमने ते पान हलवलं तर घोटाळा होईल, म्हणून ती मेमरी आधी लॉक करावी लागते. ६४ किलोबाइटमध्ये काय लॉक होणार, कपाळ? लॉगिन करणाऱ्याला लिमिट एका फाइलमधून मिळते. जॉबला मात्र ती स्लर्मच्या (जॉब रांगेत लावणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) डिमनकडून, म्हणजे मागे सतत चालणाऱ्या प्रोग्रामकडून मिळत होती. तो सिस्टिमडीने (मशीनवरच्या सेवा चालू करणाऱ्या प्रोग्रामने) सुरू केलेला, त्याला त्या फाइलचा पत्ताच नाही. म्हणून हेल्पडेस्कवाले बघत होते ते खरं होतं आणि मी भोगत होतो तेही खरं होतं.

तिसऱ्या तिकिटात जॉब क्रमांक, ती '६४'ची ओळ आणि डिमनच्या सेटिंगमध्ये मेमलॉक (मेमरी लॉक करायची लिमिट) इन्फिनिटी करा, एवढं लिहिलं. चाळीस मिनिटांत झालं. दोन नोडवर इटरेशन १.१ सेकंद.

एक राहिलंच: आमच्या प्रवाहाच्या कोडला लेटन्सी (निरोप पोचायला लागणारा वेळ) जास्त बोचते, कारण दाबाचं समीकरण सोडवताना सगळ्या कोअरना सतत छोट्या बेरजा करून घ्याव्या लागतात. एआयवाल्यांचं उलट, मोठमोठे ग्रेडियंट (मॉडेल सुधारायचे आकडे) फिरतात, त्यांना बँडविड्थ (सेकंदाला जास्त डेटा नेण्याची क्षमता) हवी. शेजारच्या गटाचं मॉडेल ट्रेनिंगही असंच रखडलं होतं. त्यांना म्हटलं, एनसीसीएलचा (जीपीयूंमधली देवाणघेवाण करणाऱ्या लायब्ररीचा) डीबग 'इन्फो'वर ठेवा आणि लॉग वाचा. 'नेट/आयबी' (इन्फिनिबँड) दिसायला हवं होतं, तिथे 'नेट/सॉकेट' (टीसीपी) निघालं. त्यांच्या कंटेनरमध्ये (प्रोग्राम वेगळा बंदिस्त चालवायच्या चौकटीत) इन्फिनिबँडची डिव्हाइसच दिलेली नव्हती. सांगताना मी जरा जास्तच भाव खाल्ला, ते कबूल.

तिकीट बंद झाल्यावर 'सेवेबद्दल किती समाधानी आहात' असा फॉर्म आला. तो अजून भरलेला नाही.