हातात स्टॉपवॉच, तोंडाला कुलूप

पोहण्याच्या स्पर्धेच्या दिवशी पालकांनी पूलच्या काठावर यायचं नाही, हा इथल्या, अमेरिकेतल्या क्लबचा नियम मला अजून पचलेला नाही. यायचंच असेल तर काम करायला या! म्हणून मी टायमर, म्हणजे पोरांची वेळ मोजणारी, झाले.

काम दिसायला सोपं. स्टॉपवॉच भोंगा ऐकून नाही, दिवा चमकला की सुरू करायचं. आवाज पोचेपर्यंत उशीर होतो. पोर जवळ आलं की काठावर वाकायचं, बूट भिजले तर भिजले. अंगाचा कुठलाही भाग भिंतीला लागला की बटण दाबायचं. ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लाय या पोहण्याच्या प्रकारांत दोन्ही हात एकदम लागावे लागतात, नाहीतर पोर बाद. पण एकच हात लागलेला मला ढळढळीत दिसला, तरी मी मुकाट्याने वेळच लिहायची. चूक धरणार जज, समजावणार कोच. आयांच्या वाट्याला टॉवेल.

शिस्त वाखाणण्यासारखी आहे, नाही म्हणत नाही. आपल्याकडे आईबाप काठावरून "पाय मार, पाय!" म्हणून ओरडतात (कानात पाणी, डोक्यावर टोपी, ऐकू काय जाणार कप्पाळ?). पण एका कोचच्या गळ्यात अख्खी बॅच असेल, तर पालकांनी लक्ष घालायचं नाही तर कुणी? आणि इथली ही टापटीप चालते ती आमच्यासारख्या फुकटच्या मनुष्यबळावर!

घरून फोन आला की पहिला प्रश्न, "टायमिंग किती?" अमेरिकेत बहुतेक पूल 25 यार्डांचे, म्हणजे 23 मीटरही नाहीत. शिवाय वळणं जास्त, आणि दर वळणाला भिंतीवरून ढकलून वेग मिळतो. तिकडच्या 50 मीटरच्या पूलमधल्या भावंडाशी तुलना करायची कशी? तीच गत वयाची. दहाव्या वर्षी जे पोर उंच, ते जिंकतं. पुढे बाकीचे वाढतात आणि चित्र बदलतं. मधेच महिनोन् महिने टायमिंग हलत नाही. तेव्हा घरच्यांनी झोप, जेवण आणि वेळेवर पोचवणं एवढंच सांभाळायचं, असं कोचचं म्हणणं. पहाटेच्या सरावासाठी रात्री लवकर दिवे घालवणं हेच मोठं काम आहे, हे मला पटतं.

तरी परतताना गाडीत मी लेकीला विचारतेच, "वळताना दोन्ही हात लागले ना?" पहाटे पाचला गाडी काढते ती मी. तेवढा हक्क कोचने मला द्यायलाच हवा.