हनुवटीवरचा तीळ

स्ट्रासबुर्ग, ११ नोव्हेंबर, रात्री

आज सुट्टी. पहिलं महायुद्ध संपल्याचा दिवस, त्यामुळे सगळं बंद. बाहेर नोव्हेंबरचा तो चिकट पाऊस, धड पडतही नाही आणि थांबतही नाही. चिरंजीवांना शाळेत वंशवृक्ष करून न्यायचाय. प्रत्येकाचं नाव, जन्मगाव, व्यवसाय, नागरिकत्व, आणि जमलं तर छोटं चित्र. माझ्या बाजूचं काम अर्ध्या तासात आटोपलं. आईने माणगावहून व्हिडिओ कॉलवर चार पिढ्या धडाधड सांगितल्या, वर 'देवक पण लिही' असं बजावलं. अडलं ते नवऱ्याच्या बाजूला.

सासूबाई कोलमारजवळच्या गावाहून कालच आल्यात. इथे आजीला मामेमा म्हणतात. लेकामुळे मीही तेच म्हणते. येताना त्यांनी नाताळची बिस्किटं ठेवायचा पत्र्याचा डबा आणला. आत बिस्किटं नाहीत, कागद. जन्मदाखले, कुटुंबाची वही, काही फोटो. एकाच माणसाचं नाव एका दाखल्यावर शार्ल, दुसऱ्यावर कार्ल.

हे मामेमांचे पणजोबा. जन्म १८६८, मृत्यू १९४७. जन्मले तेव्हा फ्रेंच. १८७१ला फ्रान्स हरला, आल्सास, म्हणजे आमचा हा फ्रान्सच्या सरहद्दीवरचा भाग, जर्मनीने घेतलं, हे जर्मन झाले. १९१८ला फ्रेंच. १९४०ला हिटलरने पुन्हा घेतलं, तेव्हा जर्मन. मेले फ्रेंच म्हणून. नागरिकत्वाचा रकाना बोटभर रुंद, लेकाने त्यात बारीक अक्षरात पाच शब्द बसवले आणि विचारलं, "ते सारखे घर बदलायचे का?"

"छे. एकदा दात काढायला कोलमारला गेले होते, तेवढंच," मामेमा म्हणाल्या.

त्यांचा मुलगा, म्हणजे लेकाचे खापरपणजोबा, १९१४ला कैसरच्या सैन्यात. आल्सास-लोरेनमधले सुमारे ३,८०,००० जण त्या युद्धात जर्मन गणवेशात होते. फ्रान्ससमोर उभे केले तर पळून जातील, या संशयाने त्यातल्या बऱ्याच जणांना रशियाच्या आघाडीवर धाडलं. खापरपणजोबा परतले तर गावात फ्रेंच अंमल आणि दारात ओळखपत्रांचा घोळ: आईबापांच्या मुळावरून अ, ब, क, ड. यांना अ मिळालं. शेजारचा मित्र इथेच जन्मलेला, पण त्याचे आईबाप ऱ्हाइनपलीकडून आलेले, त्याला ड. अ-वाल्याला एका मार्काचे सव्वा फ्रँक मिळत, ड-वाल्याला पाऊण फ्रँकसुद्धा नाही. दोघे एकत्र सैन्यात गेले होते.

(जाता जाता: फ्रान्सभर आगगाड्या आपल्यासारख्या डावीकडून धावतात, आल्सासमध्ये उजवीकडून. जर्मनांच्या काळातली पद्धत अजून चालू आहे. जुन्या सरहद्दीपाशी रूळ एकमेकांवरून पूल टाकून बाजू बदलतात. पॅरिसहून येताना नवरा दर वेळी मला हे सांगतो, आणि मी दर वेळी ते नव्याने ऐकते.)

मग आले मामेमांचे वडील आणि थोरले चुलते. इथे लेकाची पेन्सिल थांबली, कारण इथे दोन रंग लागतात.

चुलते स्ट्रासबुर्गला छापखान्यात होते. सप्टेंबर १९३९मध्ये अख्खं शहर रिकामं करून लोकांना दक्षिणेकडे, पेरिग्युच्या भागात पाठवलं, त्यात हे गेले. पुढच्या वर्षी बहुतेक लोक परत आले, हे तिकडेच राहिले. १९४४च्या शरदात आल्सास-लोरेन ब्रिगेड उभी राहिली, निर्वासित आणि भूमिगतांची, फ्रेंच लेखक आंद्रे मालरोंच्या हाताखाली. तीत सामील होऊन ते लढत परत आले.

धाकटा भाऊ, म्हणजे मामेमांचे वडील, लेकाचे पणजोबा, घरीच होता. जन्म १९२३. इथला नाझी मुख्याधिकारी रोबेर्ट वाग्नर याने २५ ऑगस्ट १९४२ला हुकूम काढला: आल्सासच्या तरुणांनी जर्मन सैन्यात यायचं. (तोच महिना. आपल्याकडे 'चले जाव' सुरू होऊन पंधरवडा झाला होता. माझ्या डोक्यात ही दोन कॅलेंडरं कधी शेजारी आलीच नव्हती.) पळून गेलं तर मागे आईबापांना उचलून जर्मनीत हलवत. फेब्रुवारी १९४३मध्ये बालेर्सडोर्फ गावची पोरं रात्री स्वित्झर्लंडकडे निघाली, वाटेत सापडली. काही तिथेच पडली, बाकीच्यांना गोळ्या घातल्या, घरच्यांना हद्दपार केलं. ही बातमी गावोगाव पोचेल याचीही काळजी घेतली गेली. पणजोबा त्याआधीच सैन्यात गेले होते. आल्सास आणि मोझेल (लोरेनचा भाग) मिळून असे सुमारे १,३०,००० गेले. त्यांना नाव पडलं 'मालग्रे-नू', म्हणजे 'आमच्या मनाविरुद्ध'. तीस हजारांहून जास्त परतले नाहीत. पणजोबांनी संधी साधून रशियनांकडे हात वर केले, "मी फ्रेंच, मी फ्रेंच" म्हणत. समोरच्याला दिसला तो फक्त गणवेश. रशियात तांबोवच्या युद्धकैद्यांच्या छावणीत एक हिवाळा काढला. १९४५च्या शेवटी परत आले तेव्हा आईने दार उघडून, "कोण पाहिजे?" असं विचारलं.

हे सांगताना मामेमा हातातला कागद चार वेळा घडी घालून उलगडत होत्या.

"मग ते आपल्या बाजूचे होते ना?" लेक.

मामेमांनी माझ्याकडे पाहिलं. मी उगाच चहा टाकायला उठले.

मला विचाराल तर हा प्रश्न मलाच कधी पडला नव्हता, कारण माझ्या लहानपणी त्याचं उत्तर चौकात उभं होतं. माणगावात नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. १० जुलै १९४४ला इटलीत जर्मनांशी लढताना ते पडले, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. समोर जर्मन, म्हणजे शत्रू. त्या गणवेशात कोणी जबरदस्तीने कोंबलेलाही असेल, हे आमच्या बसस्टॉपवरच्या गप्पांत कधी आलं नाही. तसं बघितलं तर घाडगे ज्या राजासाठी लढले, त्याच्याच तुरुंगात तेव्हा गांधी-नेहरूंच्या पक्षाचे लोक होते. तेही कधी बोललं गेलं नाही.

सकाळी आम्ही रिपब्लिक चौकातल्या स्मारकापाशी गेलो होतो. १९३६चं आहे. एक आई, मांडीवर दोन मरणारे मुलगे. दोघेही उघडे, कारण गणवेश चढवला की कुठला चढवायचा हा प्रश्न आला. खाली फक्त 'आमच्या मृतांना'. 'देशासाठी' हा शब्दच नाही. लेकाने दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाला, त्यांचे हात धरलेले आहेत.

आमच्या दोन भावांचे मात्र सुटले. चुलत्यांनी पेरिग्युशेजारच्या लिमुझाँची मुलगी केली. त्याच भागातलं ओरादूर गाव: १० जून १९४४ला नाझींच्या एसएस दलाने ६४३ माणसं मारली, चर्चमध्ये बायकामुलं जाळली. मेलेल्यांत आल्सास-लोरेनचे निर्वासितही होते. आणि १९५३ला बोर्दोत खटला चालला तेव्हा आरोपींत १४ आल्सासचे निघाले, त्यातले १३ जबरदस्तीने भरती केलेले. शिक्षा झाल्या, आठवड्याभरात संसदेने त्या तेरा जणांना माफी दिली. शिक्षेने आल्सास पेटलं, माफीने लिमुझाँ. दोन्ही भावांचा त्या खटल्याशी काही संबंध नव्हता. तरी सहा वर्षं पत्र नाही.

१९५९च्या उन्हाळ्यात चुलत्यांचं कुटुंब पहिल्यांदा राहायला आलं. मामेमा तेव्हा नऊ वर्षांच्या.

लेकाने पणजोबांचं चित्र फोटोवरून काढलंय. छान जमलंय, कान जरा मोठे. भिंतीवरचा तो एकच फोटो, छातीपासून कॉलरपर्यंत काळा डाग. ओल लागली असेल असं मी पंधरा वर्षं समजत होते.

"शाई आहे," मामेमा म्हणाल्या. "काकांची मुलं यायची होती. मी खुर्चीवर चढून फोटो उतरवला आणि छातीवरचा गरुड, कॉलरवरच्या पट्ट्या, सगळं बुजवलं. हात हलला, चेहऱ्यावर थेंब पडला. पप्पांनी बघितलं. काही बोलले नाहीत. परत टांगून ठेवला."

लेकाने चित्रात हनुवटीवर ठसठशीत तीळ काढला होता. खोडू का, असं त्याने विचारलं.

"राहू दे," त्या म्हणाल्या आणि डब्याचं झाकण लावायला लागल्या. ते नीट बसत नाही, दोन्ही बाजूंनी एकदम दाबावं लागतं.